दुपारची गच्ची वादकांसाठी उघडा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरमध्ये गाण्या-वाजवण्यावर घर चालवणाऱ्यांचा दिवस इतरांच्या उलट चालतो. लोकांच्या कचेऱ्या सुटतात तेव्हा ह्यांच्या शिकवण्या भरतात आणि लोक जेवून झोपतात तेव्हा ह्यांचा कार्यक्रम रंगात आलेला असतो. रियाझ सकाळी उरकतो. मधली अकरा ते चार ही वेळ मात्र मोकळी पडते, आणि ती बहुधा झोपेत, फोनवर किंवा मागच्या कार्यक्रमाच्या मानधनाची चौकशी करण्यात जाते. आम्ही साथसंगत करणारे आणि छायाचित्रणात प्रयोग करणारे काहीजण हे पत्र लिहीत आहोत ते शहरातल्या संगीत विद्यालयांना आणि मराठी संस्थांना एक विनंती करण्यासाठी. आठवड्यातली एक दुपार आपली गच्ची आणि जिन्याजवळची एखादी अंधारी खोली वादकांना प्रयोगासाठी द्या. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला कॅमेऱ्याचं काय काम, असं अनेकांना वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्यावसायिक वादकाचं वर्ष ठरलेलं असतं. श्रावणात भजनं, मग गणपती, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ), नवरात्रात गरबा, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, आणि ह्या सगळ्याच्या आत-बाहेर परीक्षांचे हंगाम. गाणी तीच, अलंकार तेच, प्रवेशिका परीक्षेचा अभ्यासक्रमही तोच. ह्या कामात चूक करायला जागा नसते, कारण समोरच्यानं पैसे मोजलेले असतात. त्यामुळे होतं असं की हात तयार राहतात, पण ‘असं केलं तर काय होईल’ हा प्रश्न विचारायची सवय मोडते. ती टिकवायला अशी एखादी गोष्ट हवी जिथे बिघडलेलं काम कुणाला द्यायचं नसतं, ते का बिघडलं हे मात्र स्वच्छ दिसतं.

दुसरं कारण कानाचं. आवाजाची सुरक्षित मर्यादा मोजण्याचा एक रूढ हिशेब आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. गरब्याच्या किंवा वरातीच्या मंचावर ही पंधरा मिनिटं पहिल्या दोन-तीन गाण्यांतच संपतात. दुसऱ्या दिवशी कानाला विसावा हवा असतो आणि हाताला काम. छायाचित्रणाचं काम बिनआवाजाचं आहे.

ह्या शहराला हे नवीनही नाही. लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करत होते आणि ती करता करताच १८७० च्या दशकात ते कॅमेऱ्याकडे वळले. पुढे छायाचित्रकार राजा दीनदयाळ म्हणून नावाजले ते हेच. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताबाई यांची छायाचित्रं काढली ती मॅन रे यांनी, म्हणजे कॅमेरा बाजूला ठेवून, संवेदनशील कागदावर थेट वस्तू मांडून चित्रं उमटवणाऱ्या कलावंतानं. नाना पानसे यांचा पखवाज आणि उस्ताद अमीर खाँ यांचा मेरुखंड, म्हणजे स्वरांचा क्रम आलटून-पालटून केलेली बढत, ज्या गावानं ऐकला, त्या गावात कागदावरचा प्रयोग परका वाटायचं कारण नाही.

वादकाला सुरुवात करायला सर्वांत सोयीची पद्धत म्हणजे सायनोटाइप, कागदावर रसायन लावून उन्हानं करायची निळी छपाई. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ साली शोधली आणि इमारतींचे जुने निळे नकाशे ह्याच रसायनावर निघत. हिला कॅमेरा लागत नाही, लाल दिव्याची खोली लागत नाही. लागतं ते ऊन, आणि तेही नेमकं वादकाच्या मोकळ्या वेळेतलं.

दोन द्रावणं वेगवेगळी करायची. फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं, २५ ग्रॅम घेऊन पाण्यानं १०० मिलिलिटर करायचं. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, तेही १०० मिलिलिटर. दोन्हींना डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीत घालायचं मिळतं ते, आणि तपकिरी बाटल्या. वेगळी असेपर्यंत ही द्रावणं महिनोन्‌महिने टिकतात; पहिल्यावर बुरशीचा थर आला तर गाळून वापरता येतं, फार आला असेल तर सरळ टाकून द्यावं. लागतील तेवढीच समप्रमाणात एकत्र करायची, कारण मिसळलेलं द्रावण त्याच दिवशी संपवावं लागतं. ए-फोर आकाराच्या कागदाला दोन-अडीच मिलिलिटर पुरतात. म्हणजे एवढ्या २०० मिलिलिटरमध्ये सत्तर-ऐंशी कागद होतात, आणि अर्ध्या आकाराचे घेतले तर दीडशे. सतारीच्या किंवा तबल्याच्या देखभालीच्या मानानं हा खर्च फार नाही.

कागद जाड हवा, जलरंगाचा किंवा सुती हातकागद, २०० ग्रॅमच्या वरचा. आम्लविरहित म्हणून जे महागडे कागद मिळतात त्यांतल्या अनेकांत खडू मिसळलेला असतो. तो क्षारधर्मी असल्यानं निळा रंग खातो. अशा कागदावर चित्र फिकट आलं की लोक रसायनाला दोष देतात. आधी कागद बदलून पाहावा. ब्रशला लोखंडी पत्र्याची पट्टी नसावी, कारण ओलं लोखंड द्रावणाशी मिसळून निळे ठिपके पाडतं. फोमचा ब्रश उत्तम. आधी आडवा, मग उभा हात फिरवायचा, डबकी राहू द्यायची नाहीत. हे पिवळ्या, मंद बल्बाच्या उजेडात चालतं. खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड नको. मे महिन्यात कागद वीस-तीस मिनिटांत सुकतो. जुलैत तो तासन्‌तास दमट राहतो आणि उन्हात न्यायच्या आधीच हिरवट-निळा पडतो. म्हणून आमच्या मते माळव्यात हे काम ऑक्टोबर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच करावं.

सुकलेल्या कागदावर वस्तू मांडायच्या, वर पाच मिलिमीटरची काच, खाली लाकडी पाट, कडेला चाप. वादकाच्या घरात वस्तूंना तोटा नाही: तंबोऱ्याच्या उतरवलेल्या तारांची वेटोळी, मिजराबी (सतार छेडायच्या नख्या), तबल्याच्या वादीचे तुकडे, घुंगरांची पट्टी, जुन्या पेटीच्या रीड. चपट्या वस्तू धारदार उमटतात. घुंगरासारख्या उंच वस्तूंच्या कडा मात्र धूसर येतात, त्याची कारणं दोन. अतिनील किरणांचा बराच भाग सूर्याकडून सरळ न येता सगळ्या आभाळातून विखरून येतो आणि वस्तूच्या पोटाखाली शिरतो. शिवाय सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे सोळा मिनिटांत तीन सेंटिमीटर उंच वस्तूची सावली सुमारे दोन मिलिमीटर हलते. ती धूसरता हवी असेल तर ठेवावी. नको असेल तर कडक ऊन आणि कमी वेळ.

वेळ किती, हा खरा प्रश्न, आणि इथे वादकाचं शिक्षण थेट कामाला येतं. चार, पाच, सहा, सात मिनिटं अशी चाचणीपट्टी काढली तर शेजारच्या पट्ट्यांत फरक जवळजवळ दिसत नाही. प्रकाशाचा परिणाम बेरजेनं नव्हे, दुपटीनं कळतो. दोन, चार, आठ, सोळा: लयीच्या भाषेत ठाय, दुगुन, चौगुन, आठगुन. एक लांब पट्टी उन्हात ठेवायची, दोन मिनिटांनी पाव भाग पुठ्ठ्यानं झाकायचा, चार मिनिटं झाली की अर्धा, आठला पाऊण, सोळाला उचलायची. कॅमेऱ्याच्या शटरची आणि छिद्राची आकडेमोडही ह्याच दुपटीवर उभी आहे. जो लयीचा हिशेब मनात ठेवू शकतो त्याला ती पाठ करावी लागत नाही. इंदूरच्या उन्हाचा ढोबळ अंदाज असा: एप्रिल-मेमध्ये अकरा ते दोनच्या दरम्यान पाच-सहा मिनिटं, डिसेंबरात त्याच वेळी साधारण दुप्पट, पातळ ढग असतील तर वीस ते तीस. मात्र घड्याळापेक्षा रंगावर भरवसा ठेवावा. पिवळट-हिरवा कागद निळा होतो आणि मग त्यावर राखाडी, धातूसारखी झाक येते. ती झाक येईपर्यंत थांबायचं. नुसतं निळं झालं म्हणून उचललेला कागद पाण्यात गेला की अर्धा वाहून जातो.

धुण्यात सर्वांत जास्त कागद वाया जातात, आणि त्याला कारण पाणी. नर्मदेचं पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशीचं काम आणि बोरिंगच्या जड पाण्यावरचं काम शेजारी ठेवलं तर फरक डोळ्यांना कळतो. क्षारयुक्त पाण्यात निळा रंग विरतो आणि पांढऱ्या जागी लोहाचा पिवळा डाग बसतो. म्हणून पहिलं पाणी लिटरभर, त्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. त्यात दोन-तीन मिनिटं कागद हलवायचा, मग साध्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं, पिवळेपणा जाईपर्यंत. त्याहून जास्त वेळ धुऊन शुभ्रता वाढत नाही, निळाई मात्र कमी होते. सुकल्यावर दिवसभरात रंग आपोआप गडद होतो. त्याच दिवशी पाहायचा असेल तर लिटरभर पाण्यात औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक चमचा घालून बुडवावा. ते हवेचंच काम लवकर करतं, नवीन काही देत नाही.

स्वरलिपीही अशी छापता येते. ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईनं भातखंडे पद्धतीची बंदिश लिहायची: मंद्राचे खालचे बिंदू, तारचे वरचे, मिंडेची कमान. निळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. साध्या स्केचपेनची शाई डोळ्याला काळी दिसते, पण अतिनील किरणं अडवत नाही. चित्रकारांची दाट काळी शाई घ्यावी. ट्रेसिंग कागद स्वतःही काही किरणं अडवतो, तेव्हा वेळ दीडपट.

पावसाळ्यात फोन. इथे वादकाला आपल्याच वाद्याबद्दल काही कळू शकतं, म्हणून ह्या प्रयोगांचं आम्हाला विशेष अगत्य आहे.

फोनचा सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. त्यामुळे छेडलेल्या तारेचा फोटो झटपट शटरनं, सेकंदाच्या दोन-हजाराव्या भागाच्या आसपास आणि भरपूर उजेडात घेतला तर तारेवर लाटा दिसतात. अट एकच: तार फोनच्या लांब बाजूशी काटकोनात हवी, नाहीतर लाटा दिसणारच नाहीत. तार प्रत्यक्षात तशी वळवळत नसते; प्रत्येक ओळ वेगळ्या क्षणी वाचली गेल्यानं तारेचं वर-खाली होणं चित्रात पसरतं. पण लाटांची संख्या खोटी नसते. सेन्सर वाचायला २० मिलिसेकंद लागत असतील तर काळी एक ह्या पट्टीतल्या षड्जाच्या, सेकंदाला १३८.६ कंपनांच्या, पावणेतीन लाटा दिसतील, खर्जाच्या निम्म्या, तार षड्जाच्या दुप्पट. आपल्या फोनला किती वेळ लागतो तेही ह्यावरून काढता येतं: लाटा मोजा, कंपनसंख्येनं भागा. सप्तक म्हणजे दुप्पट हे मुलांना सांगण्यापेक्षा असं दाखवलं तर ती विसरत नाहीत.

चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटखाली आणखी एक गंमत आहे, तिला फोनही लागत नाही. ही नळी सेकंदाला शंभर वेळा उजळते. पांढरी एक ह्या पट्टीचा मंद्र पंचम सुमारे ९८ कंपनांचा. त्या उजेडात ही तार सेकंदाला दोनदा सावकाश झुलताना दिसते, कारण फरक दोनचाच आहे. खुंटी किंचित पिळली की झुलणं मंदावतं आणि शंभरावर तार थांबल्यासारखी दिसते. त्याच उजेडात फोटोत काळे पट्टे पडतात ते घालवायचे असतील तर शटर शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवायचा. मंचावरच्या स्वस्त एलईडी दिव्यांना मात्र हा नियम दर वेळी लागू पडेलच असं नाही.

तबल्याच्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावर, पसरलेल्या वाळूच्या आकृत्या हा तर अभ्यासाचा जुना विषय. क्लाडनी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर त्या दाखवल्या, आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तालवाद्यांवर १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये लिहिताना पुडीवरच्या काळ्या शाईच्या थरामुळे तिची कंपनं स्वरमेळात कशी बसतात ते मांडलं. घरी करताना वाळू वापरू नये. शाईच्या बारीक भेगांत कण अडकले की पुडी कायमची खरखरते. बदलायला काढलेली जुनी पुडी घ्यावी आणि चाळलेला, कोरडा भाजलेला बारीक रवा चिमूटभर पसरावा. तबला आडीवर (खालच्या चुंबळीवर) नीट समतल ठेवून ‘ना’ हा बोल त्याच जागी पुन्हापुन्हा वाजवायचा. रवा एका रेषेवर गोळा होऊ लागतो आणि ती रेषा अनामिका जिथे टेकली आहे तिथून जाते. अनामिका तिथेच का टेकवायची ह्याचं उत्तर ती रेषा देते: त्या बोटानं मूळ, सगळी पुडी एकदम हलण्याचं कंपन दबतं आणि दुभागून हलणारं राहतं. फोटो वरून घ्यायचा, पण दिवा अगदी कडेला, पुडीच्या पातळीला जवळजवळ टेकवून. वरून उजेड टाकला तर पांढरा रवा आणि पुडीचं कातडं एकमेकांत मिसळून जातात.

पेटीची खरखरणारी रीड उजेडाविरुद्ध धरून अगदी जवळून फोटो घ्यावा. जिभेच्या एका बाजूची फट नाहीशी झालेली असेल तर ती कडेला घासते आहे.

अंधाऱ्या खोलीत आवर्तनाचंही चित्र काढता येतं. मनगटाला छोटा एलईडी बांधून हातानं त्रिताल दाखवायचा. लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवली तर सोळा मात्रा म्हणजे सोळा सेकंद, आणि शटर समेपासून (पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंत उघडं राहतं. आयएसओ १००, छिद्र एफ ११, कॅमेरा तिपाईवर. बोटानं कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि बटण पंधराव्या मात्रेला दाबावं. पहिली, पाचवी, तेरावी टाळी आणि नववी खाली ह्यांचे उजेडाचे वेढे कागदावर वेगवेगळे दिसतात. ज्याची लय रेंगाळते त्याचं चित्र समेआधीच मिटतं, आणि ज्याची पळते त्याचा वेढा पुरा होऊन वर शेपूट उरतं. गुरूला बोलावं लागत नाही.

ही चित्रं लगेच विकायला काढू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. मागणी आली की पुन्हा तीच पंधरा-वीस चित्रं करावी लागतात आणि ज्यासाठी छंद धरला ती मोकळीक जाते. वही मात्र ठेवावी: कागद, पाणी, महिना, वेळ. एका दुपारी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

काळजीच्या गोष्टी. तबला आणि सतार वाजवणाऱ्यांच्या बोटांना चिरा असतात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे प्रत्येक वेळी. व्हिनेगरची वाफ पोलादी तारांना गंज चढवते आणि धुण्याच्या दमटपणानं पुडी उतरते. वाद्यं त्या खोलीत नकोतच. स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत. फेरिसायनाइडवर तीव्र आम्ल ओतायचं नाही किंवा ते तापवायचं नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो. धुण्याच्या पाण्यातलं चमचाभर व्हिनेगर त्या मानानं फार सौम्य असतं. लहान मुलांनी वस्तू मांडाव्यात आणि धुवावं, द्रावण करणं आणि लावणं मोठ्यांनी.

संस्थांकडून आम्हाला हवं ते एवढंच: ऊन येणारी गच्ची, काळा पडदा लावता येईल अशी खोली, एक नळ, दोन टब आणि कुलपाचं एक कपाट. रसायनं, कागद आणि काच वादक स्वतः आणतील. वेळ शनिवार किंवा रविवार सोडून, म्हणजे संस्थेच्या वर्गांना अडचण होणार नाही. उरलेलं मिसळलेलं द्रावण मोरीत ओतलं जाणार नाही. ते जुन्या कागदावर सारवून उन्हात निळं करून वाळवलं जाईल आणि हातमोज्यांसह महापालिकेच्या कचरागाडीतल्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात जाईल. ज्या संस्थांना हे जमण्यासारखं आहे त्यांनी ऑक्टोबरच्या आत ठरवावं, म्हणजे पाऊस उघडताच पहिली चाचणीपट्टी काढता येईल.

आपले,
साथसंगत करणारे काही वादक
इंदूर